वाशिष्ठीच्या पुरात बुडालेली मारुती ८००: घरच्या पडवीतली दुरुस्ती आणि बदल

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ही गाडी घरासमोरच्या गल्लीत उभी होती. मारुती ८००, २००८ चं मॉडेल, पेट्रोलवर चालणारी, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), चार गिअर, एसीवाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एफ८बी इंजिन, २८ लिटरची टाकी, १२ इंची चाकं, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. एवढी हलकी गाडी दारं बंद असली की आत पाणी भरेपर्यंत तरंगते. इंजिन पुढे असल्याने नाक खाली आणि डिकी वर, अशा अवस्थेत ती वाहत जाते. ही गाडीही तशीच वाहत जाऊन डाव्या पुढच्या कोपऱ्याने कंपाउंडच्या भिंतीवर आपटली, आणि पाणी ओसरताना तिचा डावा फुटबोर्ड, म्हणजे दारांखालचा लांब पोकळ पत्रा, एका दगडावर टेकला.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे पाण्याची रेघ. पूर ओसरल्यावर सगळेच बाहेरच्या पत्र्यावरची गाळाची रेघ बघतात आणि तेवढंच पाणी आलं असं धरून चालतात. या गाडीत मागच्या सीटच्या पाठीवर रेघ जेमतेम मध्यावर होती, पुढे मात्र ती स्टिअरिंगच्या नळीच्याही वर होती. म्हणजे डॅशबोर्डखालची ईसीएम (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), फ्यूजबॉक्स आणि ब्लोअर बुडाले होते, आणि एअर फिल्टरच्या डब्यात पाणी गेलं होतं. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा कागदी फिल्टर चिखलाने चिकटून बसलेला होता. पूरग्रस्त गाडी पाहताना पहिलं झाकण हेच उघडावं. इथे गाळ नसेल तर इंजिनाच्या आत पाणी असण्याची शक्यता बरीच कमी होते.

गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, म्हणजे पुराची भरपाई शून्य. सर्वसमावेशक विमा असता तर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर जाताच कंपनीने गाडी पूर्ण बाद धरून हिशोब मिटवला असता, कारण तेरा वर्षांच्या ८०० ची आयडीव्ही ती काय असणार. सर्वसमावेशक विमा असलेल्यांनीही एक लक्षात ठेवावं: बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन मोडलं तर ते नुकसान सहसा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. शहरातली बहुतेक गॅरेजं स्वतःच पाण्याखाली गेलेली. त्यामुळे पर्याय दोनच होते, भंगार किंवा पडवी.

पहिले दोन दिवस

पुरात गाडी मरते ती पाणी आत आल्यामुळे कमी आणि आत अडकून राहिल्यामुळे जास्त. पूर्ण बुडालेल्या पोलादाला ऑक्सिजन कमी मिळतो. पाणी ओसरून ओल्या चिखलाला हवा लागली की गंज खरा धावायला लागतो. म्हणून या संपूर्ण कामाचा क्रम एकाच प्रश्नावर ठरवला होता: आत्ता पाणी कुठे अडकलं आहे, आणि ते कुठून बाहेर काढता येईल?

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याचं. गाडी बंद असली तरी घड्याळ, हॉर्न, ईसीएमची स्मृती यांच्याकडे कायमचा करंट जात असतो. पाण्यात बुडालेल्या कनेक्टरमध्ये हा करंट एका पिनेतून शेजारच्या पिनेत पाण्यातून वाहतो, आणि पॉझिटिव्ह बाजूची पिन अक्षरशः विरघळते. या गाडीत तेच दिसलं. फ्यूजबॉक्समधल्या, चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या पिना फक्त काळवंडल्या होत्या, आणि कायम करंट असलेल्या दोन पिना हिरव्या भुकटीत संपल्या होत्या. पुराचा इशारा आला आणि गाडी हलवणं शक्य नसेल, तर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची तार काढायला एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटात निम्मी वायरिंग वाचते.

दुसरं, सेल्फ मारायचा नाही. चावीही फिरवायची नाही. तिसरं, हँडब्रेक सोडून चाकांना विटा लावायच्या, नाहीतर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. चौथं फारसं कुणाला सुचत नाही: क्लच पेडल लाकडी दांडक्याने पूर्ण दाबून सीटच्या चौकटीशी अडकवून ठेवायचं. ओली क्लच प्लेट आठ-दहा दिवसांत गंजून फ्लायव्हीलला चिकटते, आणि मग फक्त तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

गाळ ओला असतानाच आतून गोड्या पाण्याने धुतला. गाडी भिजलेलीच आहे, आता आणखी पाणी कशाला, हा विचार नैसर्गिक असला तरी चुकीचा आहे. वाशिष्ठीचा गाळ मातकट आणि अतिशय बारीक. वाळला की तो कनेक्टरच्या आणि बेअरिंगच्या फटीत सिमेंटसारखा बसतो. साधी बागेची नळी वापरावी, प्रेशर वॉशर नाही. प्रेशरने गाळ अजून आत ढकलला जातो. हे काम गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच करावं. पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातापायावर जखम असेल तर डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या आधीच सुरू कराव्यात.

मग गाडी रिकामी केली. पुढच्या सीट, मागची सीट, सीटबेल्ट, दारांचे आतले पत्रे, गालिचा, त्याखालचं नमदं. नमदं हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. वरून हात लावला तर कोरडं लागतं, आणि खालच्या थरात दोन-दोन महिने पाणी धरून बसतं. ते वाळवत बसू नये, फेकून द्यावं. सीटचा फोमही फेकला. धुऊन उन्हात ठेवला तरी कुबट वास जात नाही, आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असतं कुठे?

जमिनीच्या पत्र्यातली रबरी बुचं काढली, दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी केली. दोन्ही बाजूंच्या दारांतून काळपट पाणी आलं, उजव्या बाजूने तर आठवडा उलटल्यावरही.

सुकवण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून घराबाहेर नेली. हा क्रम सुरक्षेचा आहे, पुढे गाडीत विजेचे दिवे लावायचे असतात. टाकीत साधारण दहा लिटर पेट्रोल होतं आणि तळाशी पाण्याचा वेगळा थर. पाणी जड, म्हणून ते खाली बसतं, आणि पंपाची जाळीही खालीच असते. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे गोष्ट आणखी बिघडते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी मुरलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली उतरतो. भरलेल्या २८ लिटरच्या टाकीला त्यासाठी दीडशे मिली पाणी पुरतं. टाकी रिकामी करून लिटर-लिटर स्वच्छ पेट्रोलने दोनदा खळबळली, उघडी ठेवून सुकवली, पंपाची जाळी, पेट्रोल फिल्टर आणि रबरी नळ्या नव्या घातल्या.

पडवीत ताडपत्री बांधून, बाजू मोकळ्या ठेवून, एका दारातून उभा पंखा आणि आत जमिनीलगत शंभर वॅटचे दोन बल्ब अशी व्यवस्था केली. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आतल्या आत वाफ फिरत राहते आणि काहीच सुकत नाही. पत्रा कोरडा दिसतो त्यावर विश्वास ठेवू नये. फुटबोर्डाच्या पोकळीत सुती कापडाची लांब वात तारेला बांधून सरकवायची, रात्रभर ठेवायची, सकाळी काढून चिमटीत पिळायची. वात तीन सकाळी सलग कोरडी निघाली तर पोकळी सुकली. डाव्या फुटबोर्डाची वात काही केल्या कोरडी होईना, त्याचं कारण पुढे येईल.

इंजिन

तिन्ही स्पार्क प्लग काढले. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, पुलीच्या नेहमीच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं. पाणी दाबलं जात नाही, एवढं एक वाक्य समजलं तर हायड्रोलॉक समजतो: प्लग बंद असताना सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि सेल्फने पिस्टन वर ढकलला, तर पाणी जागा सोडत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढलेले असले की तेच पाणी भोकातून बाहेर उडतं. दुसऱ्या सिलिंडरमधून कपभर गढूळ पाणी आलं, पहिल्या आणि तिसऱ्यातून थेंबही नाही. इंजिन थांबलं तेव्हा ज्या सिलिंडरचा झडप उघडा राहिला होता त्याच्यातच पाणी शिरलं. तिन्ही भोकांतून दहा-पंधरा मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवलं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला तेल लागतं आणि रिंगा गंजत नाहीत.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या डब्याचा, बोल्ट अगदी सावकाश सैल करावा. आधी पाणी येतं, मग तेल. पाणी वेगळं आणि तेल काळंच आलं तर इंजिन फिरलेलं नाही. दुधाळ, चहासारखं तेल आलं तर कुणीतरी सेल्फ मारून बघितलेला आहे. पूरग्रस्त गाडी विकत घेणाऱ्याने ही परीक्षा जरूर करावी. इथे साधारण पाऊण लिटर पाणी वेगळं आलं, मागून तेल काळंच. सेल्फ मारलेला नव्हता, आणि ही गाडी वाचली त्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

नवा फिल्टर आणि साधं २०डब्ल्यू-४० तेल, साधारण पावणेतीन लिटर, शेवटचा हिशोब डिपस्टिकवर. काही गॅरेजांत या टप्प्यावर चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन चालवतात. ते करू नये. बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्रा धुतला जातो आणि आधीच पाणी लागलेल्या बेअरिंग कोरड्या घासतात. त्यापेक्षा स्वस्त तेल घालून दहा मिनिटं फक्त आयडलिंगवर चालवायचं, गरम असतानाच ओतून टाकायचं, आणि हे तेल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करायचं. इथे तीन वेळा लागलं. दर वेळी फिल्टरही बदलला.

इंजिन चालू करण्याआधी कॉम्प्रेशन गेज लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, बाहेरची चार्ज केलेली बॅटरी. तिन्ही आकडे ११ ते १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या दरम्यान आले. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा, तो १ किलोच्या आत हवा. एखादा सिलिंडर दोन-तीन किलोने कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा झिजलेल्या, नाही वाढला तर झडप गळतोय किंवा रॉड वाकलाय. प्लगच्या भोकातून तीच सळई तिन्ही सिलिंडरमध्ये उभी धरून पिस्टन सर्वांत वर येताना सळईवर खूण करावी. वाकलेल्या रॉडचा पिस्टन इतरांपेक्षा खाली थांबतो आणि खूण सरळ दाखवून देते. वाकलेल्या रॉडवर इंजिन चालतंसुद्धा. काही महिन्यांनी रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर येतो.

टायमिंग बेल्टचं कव्हर उघडलं तर दातांत गाळ भरलेला. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले. गिअरबॉक्सचं तेल मळकट निघालं. गिअरबॉक्स वरच्या श्वासनळीतून पाणी ओढतो. गाडी गरम असताना बुडाली तर आतली हवा आकसते आणि ओढ आणखी वाढते. ७५डब्ल्यू-९० जीएल-४ तेल फिलर प्लगच्या कडेपर्यंत भरलं, पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा बदललं. सायलेन्सर उतरवून उभा करून रिकामा केला. ऑक्सिजन सेन्सर गेला होता, नवा लागला.

वायरिंग

वेळ सगळ्यात जास्त इथे गेला आणि घाई करणाऱ्यांची गाडी इथेच कायमची आजारी पडते. सहा महिन्यांनी एक दिवस इंडिकेटर, दुसऱ्या दिवशी काटे, तिसऱ्या दिवशी गाडी चालता चालता बंद.

ईसीएम काढून डबा उघडला. प्रिंटेड बोर्डवर गाळ होता. बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतला, कारण गाळातले क्षार अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाहीत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. मग पन्नास अंशांच्या आसपासच्या ऊबेत दोन दिवस. हेअर ड्रायर जवळ धरून तापवू नये, कपॅसिटर फुगतात. भिंगातून प्रत्येक वाट बघितली. कनेक्टरच्या एका पिनेजवळ हिरवटपणा होता, वाट शाबूत होती. ईसीएम चालली. नसती चालली तर जुन्या बाजारातली त्याच क्रमांकाची शोधावी लागली असती, आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा) असलेल्या गाडीत ती चावीशी जुळवून घ्यावी लागते.

प्रत्येक कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला, वाळवला आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद केला. पाणी उडवणारे स्प्रे ग्रीसचं काम करत नाहीत, ते उडून जातात आणि चार महिन्यांनी कनेक्टर उघडा पडतो. जिथे पिन हिरवी दिसली तिथे तारेचं आवरण एक सेंटिमीटर सोललं. तांबं काळं निघालं तर अजून मागे कापलं, चकाकणारं तांबं लागेपर्यंत. पाणी आवरणाच्या आतून तारेच्या बारीक धाग्यांमधून वर चढतं. म्हणून बुडालेल्या कनेक्टरपासून वीतभर वर सुद्धा तार काळी सापडते, आणि नुसता कनेक्टर बदलून उपयोग होत नाही. जोड सोल्डर करून त्यावर आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी घातली. काळी चिकटपट्टी पावसाळ्यात सुटते.

मग अर्थिंग. बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून गिअरबॉक्सला, डॅशबोर्डमागे, डिकीत, असे सगळे बोल्ट उघडून पत्रा घासून चकाकवला, तार बसवली आणि वरून ग्रीस लावलं, आतून नाही. तपासणी मल्टीमीटरने: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज बघायचं. ०.२ व्होल्टच्या आत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब, आणि त्याचाच परिणाम ईसीएमच्या चुकीच्या रीडिंगमध्ये दिसतो. इथे आधी ०.९ होतं, साफ केल्यावर ०.१५. शेवटी चावी बंद असताना बॅटरीतून वाहणारा करंट मोजला. तो ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. आधी २१० दाखवत होता. फ्यूज एकेक काढत गेल्यावर ब्लोअरच्या स्विचमधला ओलावा सापडला.

अल्टरनेटर आणि सेल्फ खोलून धुतले, दोन्हींच्या बेअरिंग आणि ब्रश नवे. ब्लोअरची मोटर बदलली. एसीच्या बाष्पकाच्या (हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) डब्यात दीड मूठ गाळ निघाला, आणि तो काढला नसता तर डबा उन्हाळ्यात घाण वास मारत राहिला असता.

ब्रेक आणि चाकं

मागचे ड्रम जाम होते. ड्रमवर आठ एमएमच्या आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने आवळले की ड्रम स्वतःहून सुटतो, हातोडा लागत नाही. आत चिखलाचा गोळा. व्हील सिलिंडर, शू, हँडब्रेकची केबल नवी, चारही बेअरिंग नव्या. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, म्हणून अर्धा लिटर डॉट ३ वापरून पूर्ण बदललं आणि हवा सर्वांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून काढली. बॉडीखालून जाणारी पोलादी ब्रेक नळी पट्ट्यांच्या खाली बघावी, गंज तिथेच लपतो. इथे एका पट्टीखाली खड्डे पडले होते, तेवढी पूर्ण नळी बदलली. ब्रेकच्या बाबतीत सांधकाम नको.

गाडीखाली काम करताना चारही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावावी. पडवीची फरशी पावसात निसरडी असते, एकट्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली जाऊ नये.

पत्रा

डाव्या फुटबोर्डाची वात कोरडी होत नव्हती. मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा भोकातून आत घातला तेव्हा कळलं: गाडी ज्या दगडावर बसली होती तिथे फुटबोर्ड आत दबून पाण्याचा निचरा होणारी वाट बंद झाली होती, आणि मागच्या बाजूला आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत लावलेला लांबीचा (पुट्टीचा) थर वरून पत्र्यासारखा दिसत होता. टोचल्यावर टोचा सरळ आत गेला.

कापण्याआधी दोन गोष्टी. दार बंद करून फटी मोजल्या आणि लिहून ठेवल्या. बॉडीला मध्यावर आधार दिला, म्हणजे फुटबोर्ड कापल्यावर गाडी वाकत नाही. दोन्ही बाजूंचा फुटबोर्ड एकदम कधीच कापू नये. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर काढले. टाकी या वेळीही बाहेरच होती, हे महत्त्वाचं. सडलेला पत्रा चकाकणारा धातू लागेपर्यंत कापला, तो दिसायला तळहाताएवढा होता आणि कापून हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत गेला. आतून गाळ निघाला तो धुऊन, सुकवून मगच पुढचं काम.

२० गेजचा पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, मापाने कापून वाकवला. सीओटू वेल्डिंग, ०.८ ची तार. एकसलग रेघ ओढली तर पातळ पत्रा वाकतो. म्हणून अडीच-तीन सेंटिमीटरवर टाके, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि प्रत्येक टाक्यानंतर बोट टेकवता येईल इतका थंड होऊ द्यायचा. गॅस वेल्डिंग नको, त्याची उष्णता आजूबाजूचा रंग आणि आतलं संरक्षण जाळते. जोडाच्या दोन्ही बाजूंना झिंकचा वेल्डिंग प्रायमर. मूळ फुटबोर्डाला होती तशी निचऱ्याची भोकं पुन्हा पाडली. ही विसरली तर नवा पत्रा पाच वर्षांत जुन्यासारखा होतो.

पुढचा डावा कोपरा सोपा निघाला. मडगार्ड बोल्टवर असल्याने उतरवून ठोकळा-हातोडीने सरळ केलं. त्याआधी इंजिनच्या खणात फीत धरून दोन्ही कर्ण मोजले: एका बाजूच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून समोरच्या हेडलाइटच्या चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट. फरक ९ मिलिमीटर. शॉकअपचे बुरूज (शॉकअपचं वरचं टोक बसतं तो बॉडीचा भाग) आपल्या जागीच होते, फक्त हेडलाइटची चौकट मागे सरकली होती. स्क्रू जॅक आडवा लावून, लाकडाचा ठोकळा मध्ये घालून ती पुढे ढकलली, फरक २ वर आला. बुरूज हलले असते तर हे काम पडवीत करण्यासारखं नव्हतं, तिथे ओढणारी फ्रेमच लागते.

गंजावर थेट डांबरी रंग फासणं हे सगळ्यात जास्त होणारं आणि सगळ्यात महाग पडणारं काम आहे. वरून काळं चकचकीत दिसतं, आत ओलावा बंद होतो, आणि दोन पावसाळ्यांत वरचा थर गंजासकट पापुद्र्याने सुटतो. इथे वायर ब्रशने सैल गंज काढला, फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावलं, दिलेल्या वेळानंतर पाण्याने धुऊन पूर्ण सुकवलं, मग दोन थर इपॉक्सी प्रायमर. आम्ल न धुता त्यावर इपॉक्सी मारला तर तो धरत नाही. लांबी ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, हार्डनर दोन-तीन टक्के, आणि लांबी भरून गाडी प्रायमरशिवाय पावसाळी हवेत ठेवू नये कारण ती ओलावा पिते. घासपेपर ८०, १८०, ३२०, आणि प्रायमरवर ओला ८००. शेवटचा रंग मात्र घरी मारला नाही. दोन घटकांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाहीत, फुप्फुसाला कायमची इजा होते. दमट हवेत त्या रंगावर पांढूरकी धूसर येते ती वेगळीच. नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर बूथमध्ये रंग मारून घेतला, मूळच्याच रंगात.

सगळ्यात शेवटी पोकळ्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण. लांब नळीने फुटबोर्ड, दारांचे तळ, डिकीच्या कडा. निचऱ्याच्या भोकांतून वॅक्सचे थेंब पडले म्हणजे ते तळापर्यंत पोहोचलं.

केलेले बदल, आणि न केलेले

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. रंग बदलायचा किंवा सीएनजी बसवायचा तर आरसीवर नोंद लागते. रुंद चाकं, बुलबार, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हे विषय इथे आलेच नाहीत. पुढच्या पुरात पाणी कमी अडकेल किंवा अडकलं तरी कमी नुकसान करेल, असेच बदल निवडले.

सर्वांत महत्त्वाचा: जमिनीवर नमदं आणि चिकटवलेला गालिचा परत घातलाच नाही. रंगवलेल्या पत्र्यावर सुट्या रबरी चटया. आवाज वाढतो, हे खरं. तो कमी करायला ब्यूटिलचे तक्ते दारांना आणि छताला लावले, जमिनीला मुद्दाम नाही, कारण तक्त्याखाली शिरलेलं पाणी दिसत नाही. सीटना चेन असलेली कव्हरं, म्हणजे फोम बाहेर काढून धुता येतो. सीटबेल्ट पुढचे दोन्ही नवे. गाळ गेलेला रिट्रॅक्टर (पट्टा गुंडाळून अडवणारी यंत्रणा) कधी अडकतो आणि कधी अडकत नाही, धुऊन त्यावर जीव टांगू नये.

बॅटरीच्या निगेटिव्ह तारेवर फिरवायचा कटऑफ स्विच. गिअरबॉक्सच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचं टोक फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेला, खाली तोंड करून बांधलं.

हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच, लावले. मूळ रचनेत दिव्यांचा पूर्ण करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, आणि बुडालेल्या स्विचच्या संपर्कबिंदूंवर खड्डे पडले होते. बल्बच्या पिनेवर व्होल्टेज बॅटरीपेक्षा दीड व्होल्टने कमी मोजलं. हॅलोजनमध्ये दहा टक्के व्होल्टेज घटलं की प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणून लोक दिवे मंद म्हणतात आणि जास्त वॅटचे बल्ब घालतात, आणि स्विच जळतो. लो आणि हायसाठी दोन रिले, प्रत्येकाला बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची तार, बल्ब मूळचेच ६०/५५ वॅटचे. रिले फायरवॉलवर उंच, पिना खाली करून, आणि तार वर जाण्याआधी खाली झोका देऊन, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्यावरून खाली पडतं, रिलेत जात नाही. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी घातले नाहीत, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

ईसीएम वर हलवण्याचा विचार सोडून दिला. त्यासाठी चाळीसेक तारा लांबवाव्या लागल्या असत्या, म्हणजे बिघडण्याच्या चाळीस नव्या जागा. त्याऐवजी कनेक्टरला ग्रीस आणि डब्याच्या सांध्याला सिलिकॉन.

नंतरची तपासणी

गाडी चालू झाली की काम संपलं असं धरलं नाही. इंजिन ऑइल पाचशे किलोमीटरवर आणि पुन्हा दोन हजारांवर बदललं. ड्रम हजार किलोमीटरनंतर उघडले, गाळाची बारीक पूड अजून निघालीच. पीयूसीमध्ये सीओ ०.५ टक्क्याच्या मर्यादेत आला. पहिल्या पावसाळ्यानंतर फुटबोर्डात पुन्हा कॅमेरा घातला, टाक्यांच्या एका टोकाला नारिंगी डाग होता, तिथे वॅक्स पोहोचलं नव्हतं. ते पुन्हा भरलं.

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली आणि नोंदणीचं नूतनीकरण आलं. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क पाच हजार रुपये झालं होतं, पर्यावरण कर वेगळा. आरटीओच्या तपासणीत चासी क्रमांकाचा ठसा घेतात. गंज काढताना तो कोरलेला भाग घासला गेला असता तर सगळंच अडलं असतं, म्हणून तिथे वायर ब्रश न लावता फक्त आम्लाचं द्रावण आणि पारदर्शक वॅक्स वापरलं होतं. तपासणीत हेडलाइटची उंची जुळवून घ्यायला सांगितली, बाकी गाडी पास झाली. वॅक्स दर दोन वर्षांनी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, पुन्हा भरायचं आहे. डाव्या फुटबोर्डाच्या मागच्या टोकापासून सुरुवात करून.